मुलाच्या मणक्याच्या ऑपरेशनचा दिवस: आईवडिलांनी काय, कधी आणि कसं करायचं

डॉक्टर सांगतात, ‘पाच तासांचं ऑपरेशन आहे.’ मूल सकाळी साडेसातला आत जातं. साडेबारा वाजतात, दीड वाजतो, अडीच वाजतात, तरी कुणी बाहेर येत नाही. आत सगळं सुरळीत चाललेलं असतं, पण बाहेर बसलेल्या आईवडिलांच्या जिवाचं पाणी पाणी होतं. ‘पाच तास’ म्हणजे पाठीवर पहिला छेद घेतल्यापासून टाके पूर्ण होईपर्यंतचे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-अडीच तास त्यात कुणी धरलेलेच नसतात. त्या दिवशीची बरीचशी भीती अशी, आधी कुणी न सांगितल्यामुळे वाटणारी असते. म्हणून हा लेख तासातासाने लिहिला आहे.

इथे गृहीत धरलंय ते स्कोलिओसिसचं ऑपरेशन, म्हणजे वाकलेला कणा पाठीच्या बाजूने उघडून, स्क्रू आणि सळया बसवून सरळ करणं आणि तेवढे मणके एकमेकांशी जुळवणं. वाढत्या वयातल्या मुलांत कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला कण्याचा बाक) साधारण ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला की याचा विचार होतो. मणक्याचं दुसरं ऑपरेशन असलं तरी दिवसाचा क्रम बहुतेक हाच असतो. तुमच्या रुग्णालयाने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. आधीचा आठवडा: तारीख कशामुळे पुढे जाते

ऐनवेळी ऑपरेशन रद्द होण्याची कारणं ठरलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी घरीच लक्षात येतात.

सर्दी, खोकला, ताप आला की त्याच दिवशी फोन करा. ‘बरा होईल तोवर’ म्हणून थांबू नका. सर्दी गेली तरी श्वासनलिका पुढचे काही आठवडे चिडलेली राहते, आणि भूल देताना ती आवळली तर मुलाच्या जिवाशी खेळ होतो. तारीख पुढे गेल्याचं दुःख खूप होतं, पण ती मुलाच्या भल्यासाठीच जाते.

पाठीची कातडी रोज उजेडात बघा. पिकलेली पुटकुळी, ब्रेसमुळे (कण्याला आधार देणाऱ्या कडक पट्ट्यामुळे) सोललेली जागा, खाजवून झालेली जखम, काहीही असलं तरी कळवा. किडलेला दात आणि बोटात रुतून पिकलेलं नख हेही सांगायचं असतं. शरीरात कुठेही पू असला तर तिथले जंतू रक्तातून जाऊन नव्या सळयांवर बसू शकतात, आणि धातूवर बसलेला संसर्ग निपटणं फार अवघड.

औषधांचं दोन्ही बाजूंनी चुकतं. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ती किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या. उलट आकडीची औषधं आणि दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. आकडीसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते नाव घेऊन सांगा, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताकदीच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे यांना आपण औषधांत धरत नाही, पण यादीत तेही हवेत.

२. फाइल आणि पिशवी

कागद एकाच फाइलमध्ये, वरून खाली याच क्रमाने लावा:

- ओळखपत्र, दाखल होण्याचं पत्र, विमा असेल तर मंजुरीचा कागद
- औषधांची यादी: नाव, डोस, शेवटचा डोस कधी घेतला
- अ‍ॅलर्जीची नोंद, वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात
- भूलतज्ज्ञांनी तपासून दिलेला कागद
- रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, रक्तगट
- संपूर्ण कण्याचे उभ्याने आणि बाजूंना वाकून काढलेले एक्स-रे
- एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी
- फुप्फुसाची तपासणी आणि हृदयाची इको, केल्या असतील तर

एमआरआयचा नुसता लेखी रिपोर्ट नेणं ही नेहमीची चूक आहे. सर्जनला चित्रं बघायची असतात. रक्त जुळवण्यासाठी दिलेला नमुनाही फार दिवस चालत नाही, म्हणून तारीख दोन-चार दिवसांनी सरकली तरी तो पुन्हा द्यावा लागतो का ते विचारा. जन्मतः मणक्यात दोष असलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडाच्या मुलांत रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी बरीच आढळते. फुगा फुगवताना ओठ सुजणं, हातमोज्यांनी अंगावर चट्टे येणं असं कधी घडलं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

पिशवीत पुढून उघडणारे सैल शर्ट, नाडी किंवा सैल इलॅस्टिकची पँट, मागून बंद आणि सहज पाय सरकवता येईल असे न घसरणारे बूट ठेवा. वाकणारे स्ट्रॉ नक्की घ्या, कारण आडवं पडून पेल्याने पाणी पिता येत नाही. ओठांना लावायचं मलम, मुलाचं आवडतं खेळणं किंवा पांघरूण आणि लांब वायरचा चार्जर हवाच. तुमची स्वतःची रोजची औषधं आणि स्वेटरही विसरू नका.

३. सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

संमतीपत्र ऑपरेशनच्या सकाळी घाईत पुढे येऊ शकतं, म्हणून आदल्या भेटीतच वाचायला मागा. त्यात संसर्ग, रक्तस्राव, मज्जातंतूंना इजा, हाड न जुळणं, पुन्हा ऑपरेशन लागणं असं सगळं लिहिलेलं असतं. वाचून पोटात गोळा येतो, पण तो कागद त्यासाठीच असतो. एवढं विचारून घ्या:

- कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जुळवणार? (जितकं खाली कमरेत जाईल तितकं नंतरचं वाकणं कमी होतं.)
- मज्जारज्जूचं मॉनिटरिंग (त्यातून मेंदूचे निरोप पायांपर्यंत नीट जातायत ना, हे यंत्राने बघणं) पूर्ण वेळ असेल का? मध्येच सिग्नल कमी झाले तर काय करता?
- नंतर आयसीयूत ठेवणार की वॉर्डात?
- आम्हाला मधून मधून कोण सांगेल, कुठे आणि किती तासांनी?
- दारातून आत गेल्यापासून आम्हाला परत दिसेपर्यंत एकूण किती तास धरू?

सगळ्यांत उपयोगी पडणारा प्रश्न शेवटचा आहे.

४. आदली रात्र

जंतुनाशक साबणाने, बहुधा क्लोरहेक्सिडिनने, रात्री आणि सकाळी आंघोळ घालायला सांगतात. तो मानेखाली लावायचा. डोळे, कान, तोंड आणि लघवीच्या जागेपासून दूर ठेवायचा. पाठीवर लावून, बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ देऊन मग धुवायचा. नंतर तेल, क्रीम, पावडर काहीही नाही, नाहीतर केलेलं सगळं पुसून जातं. धुतलेले कपडे घाला, चादरही धुतलेली घाला. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातूनच प्रकाश सोडतो. केस लांब असतील तर दोन बाजूंना दोन वेण्या घाला. मागे अंबाडा बांधला तर नंतर उताणं झोपल्यावर टोचतो. धातूची पिन, क्लिप एकही नको.

उपाशी राहण्याचा हिशोब भूल सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजतात: हलकं जेवण आणि दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, पाण्यासारखी पारदर्शक पेयं २ तास. तेलकट, जड जेवण असेल तर ८ तास. भुलीत घशाचं रक्षण करणारी हालचाल थांबते, आणि पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणूनच ‘एकच घोट दूध’ किंवा भावंडाने प्रेमाने दिलेलं एक बिस्किट यामुळेही ऑपरेशन थांबतं. असं झालं असेल तर लपवू नका, लगेच सांगा.

उलटी चूकही तितकीच होते. पालक घाबरून संध्याकाळपासूनच पाणी बंद करतात. मूल कोरडं पडतं, चिडतं आणि सलाईनसाठी शीर सापडत नाही. परवानगी असेल तर पाण्यासाठी गजर लावा आणि ठरलेल्या वेळेआधी पेलाभर पाणी प्यायला द्या.

मुलाला काय सांगायचं? खरं. ‘काहीच दुखणार नाही’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी खोटं ठरतं आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर मुलाचा विश्वास बसत नाही. ‘दुखेल, पण त्यावर औषध मिळेल, आणि दुखायला लागलं की तू सांगायचंस,’ असं सांगा. मोठ्या मुलांना सहसा मध्येच जाग येईल का याची भीती असते, आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ फक्त त्याच्याकडेच बघत बसलेले असतात, हे आपणहून सांगा.

५. सकाळ: दाखल झाल्यापासून दारापर्यंत

मनगटावर नावाची पट्टी बांधतील. नाव, जन्मतारीख, कशाचं ऑपरेशन, हे चार-पाच जण वेगवेगळे विचारतील. ही तपासणीची पद्धतच आहे. दर वेळी पूर्ण उत्तर द्या, आणि पट्टीवरचं स्पेलिंग स्वतः वाचा.

हलणारा दात, दातांच्या तारा, कॉन्टॅक्ट लेन्स, याआधी भूल घेतल्यावर झालेला त्रास, घरात कुणाला भुलीमुळे झालेला त्रास, हे भूलतज्ज्ञांना तोंडी पुन्हा सांगा. सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम मिळतं. त्याला ४५ ते ६० मिनिटं लागतात, म्हणून पोहोचल्या पोहोचल्याच मागा. पाळी सुरू झालेल्या मुलींची गर्भधारणेची तपासणी सरसकट केली जाते. त्यात कसलाही संशय नसतो, आणि मुलीला हे आदल्या दिवशीच सांगितलं तर तिला अवघडल्यासारखं होत नाही. पाळी चालू असली म्हणून ऑपरेशन थांबत नाही, फक्त सिस्टरना सांगून ठेवा.

६. भूल देताना

काही ठिकाणी आईला किंवा वडिलांना भूल लागेपर्यंत आत येऊ देतात. दोघांपैकी कोण जाणार ते आदल्या दिवशी ठरवा. ज्याला स्वतःला सावरता येतं त्याने जावं. मुलाचा जास्त लळा कुणाला, हा विचार इथे मागे ठेवा.

औषध सलाईनमधून दिलं तर मूल काही सेकंदांत, अर्ध्या शब्दावर झोपतं. मास्कने दिलं तर एक-दोन मिनिटं लागतात आणि तो वेळ बघायला कठीण असतो. डोळे वर फिरतात, हातपाय झटकले जातात, घोरल्यासारखा आवाज येतो, कधी मूल मास्क ढकलतं. हे सगळं अपेक्षित असतं आणि मुलाला यातलं काही आठवत नाही. तुम्ही उशाशी, त्याला दिसाल असे उभे राहा, हात धरा आणि एकच साधं वाक्य म्हणत राहा: ‘मी इथेच आहे.’ प्रश्न विचारू नका. डॉक्टर ‘आता बाहेर या’ म्हणाले की लगेच निघा, कारण त्या क्षणापासून त्यांना पूर्ण लक्ष मुलाकडे लागतं. रडू आलं तर दाराबाहेर मोकळेपणाने रडा.

७. आत काय चालतं आणि बाहेर काय करायचं

पहिला तास-दीड तास पाठीला कुणी हातही लावत नाही. दुसरी सलाईन, रक्तदाब सतत मोजणारी मनगटातली नळी, लघवीची नळी, मग डोक्याच्या कातडीत आणि हातापायांत मॉनिटरिंगच्या बारीक सुया. त्यानंतर मुलाला पालथं करून खास चौकटीवर ठेवतात. छाती आणि कंबर टेकलेली, पोट मात्र मोकळं लोंबतं राहील अशी. पोटावर दाब आला तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. कपाळ, डोळे, कोपरं, गुडघे नीट गाद्यांवर आहेत ना हे बघण्यातच बराच वेळ जातो, आणि तो जावाच.

मग छेद, स्नायू बाजूला करणं, मणक्यांत स्क्रू, एक्स-रेने खात्री, सळया, कणा हळूहळू सरळ करणं, हाडाचा चुरा पसरणं आणि शेवटी थराथराने टाके. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. वाहिलेलं रक्त धुऊन मुलालाच परत देणारं यंत्रही अनेक ठिकाणी असतं.

मॉनिटरिंग म्हणजे मेंदू आणि पाय यांच्यातला निरोप मज्जारज्जूतून नीट जातोय ना, हे सतत बघणं. सिग्नल कमी झाला तर टीम थांबते, रक्तदाब वाढवते, दिलेला ताण सैल करते. क्वचित ऑपरेशन तिथेच थांबवून पुढच्या टप्प्यात करायचं ठरतं. ते अपयश नाही, त्याने मुलाचे पाय वाचतात. भूल हलकी करून मुलाला पाय हलवायला सांगण्याची ‘वेक-अप टेस्ट’ १९७३ पासून माहीत आहे आणि गरज पडली तर आजही करतात. मोठ्या मुलाला याची कल्पना आधी देऊन ठेवा.

बाहेर तुमचं काम तीनच गोष्टींचं:

- फोन चार्ज केलेला, आवाज चालू, आणि ज्याचा नंबर दिलाय तो माणूस जागेवर.
- नातेवाइकांना कळवण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे. तुम्ही फक्त त्यालाच निरोप द्यायचा.
- आळीपाळीने जेवण. रात्र जागायची आहे, आणि चक्कर येऊन पडलेल्या आईचा मुलाला उपयोग नाही.

थिएटरच्या दारातून धावत आलेल्या सिस्टरच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. आत आणखीही ऑपरेशनं चालू असतात.

८. पहिली भेट

टाके झाले तरी मूल लगेच दिसत नाही. उताणं करणं, जागं करणं, दोन्ही पाय हलवून घेणं, यात अर्धा-पाऊण तास जातो. मग जे मूल दिसतं ते क्षणभर आपलं वाटत नाही. तासन् तास पालथं राहिल्याने चेहरा सुजतो. पापण्या फुगलेल्या, ओठ जाड, कपाळावर आणि हनुवटीवर गादीचे लाल ठसे. डोळ्यांत मलम असतं, त्यामुळे नजर धुरकट. जीभ चावली गेलेली असू शकते. केसांत आणि पायांवर सुयांचे ठिपके. पाठीतून आलेल्या ड्रेनच्या (जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत रक्त. अंगाला कापरं. सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. काही मुलं भुलीतून बाहेर येताना ओरडतात, ओळखत नाहीत, नळ्या ओढतात. तेही बहुतेक वेळा अर्ध्या तासात निवळतं.

मान उचलायची नाही, मिठी मारायची नाही. हात धरायचा, कानाशी हळू बोलायचं. नर्स दर काही वेळाने पायाची बोटं हलवायला सांगतील, तेव्हा पांघरूण बाजूला करून तुम्हीही बघा. अंगठा किती वर-खाली होतो ते लक्षात ठेवा, म्हणजे नंतर फरक पडला तर तुम्हालाच पहिल्यांदा कळेल.

खालचं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, तेव्हाच हाक मारायची:

- आधी हलणारा पाय किंवा बोटं हलेनाशी होणं, नवीन बधिरपणा
- उठवूनही नीट न उठणारी गुंगी, फार हळू श्वास, निळसर ओठ
- ड्रेसिंग भिजत जाणं, बाटली झपाट्याने भरणं
- छातीत दुखणं, दम लागणं, एका पोटरीला सूज
- पोट फुगून हिरव्या उलट्या होणं
- लघवीची नळी काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी न होणं

‘उगाच त्रास देतोय’ असं वाटून गप्प बसू नका. ओरडण्याचा हक्क आईवडिलांना या यादीपुरता पूर्ण आहे.

९. पहिली रात्र आणि दुसरी सकाळ

वेदनेसाठी बरेचदा बटण दाबून औषध घेण्याचा पंप लावतात. ते बटण फक्त मुलाने दाबायचं. मूल गुंगीत कण्हतंय म्हणून आईने दाबलं, हा मायेने होणारा पण सगळ्यांत धोकादायक अपघात. पंपाची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे: गुंगी चढलेलं मूल बटण दाबत नाही, म्हणून डोस आपोआप थांबतो. मूल जागं असेल तेव्हा मात्र आठवण करून द्या, विशेषतः कूस बदलण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी. दुखणं ० ते १० मध्ये विचारा आणि वेळेसह वहीत लिहा. नाक, चेहरा खाजणं आणि मळमळ हे या औषधांचे नेहमीचे त्रास आहेत आणि दोन्हींवर औषध आहे.

कूस बदलताना मूल ओंडक्यासारखं एकसंध फिरवायचं. गुडघे वाकवा, मध्ये उशी ठेवा, एकाचा हात खांद्यावर आणि दुसऱ्याचा कमरेवर, तीन म्हणताच दोन्ही एकदम. खांदे आधी आणि कंबर मागून आली की पीळ बसतो आणि मूल किंचाळतं. पहिल्या वेळी नर्सना करू द्या, बघून शिका.

पाणी विचारल्याशिवाय नाही. आधी बर्फाचा तुकडा, मग घोट घोट. जागं असताना दर तासाला दहा दीर्घ श्वास. जुलाबाचं सौम्य औषध पहिल्याच दिवशी विचारा, कारण वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि चौथ्या दिवशीच्या पोटदुखीने मूल पाठीपेक्षा जास्त रडतं.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पंप काढून गोळ्या सुरू होतात तेव्हा, वाढल्यासारखं वाटतं. पहिली गोळी पंप बंद होण्याच्या आधी पोटात गेली आहे ना, हे विचारा.

दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलांना बसवतात, उभंही करतात. आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडत हाताच्या कोपरावर रेटून उठायचं. दोन मिनिटं कडेला बसू द्या, चक्कर येतेच. काखेत हात घालून वर ओढायचं नाही. समोर उभे राहा, तुमचे दोन्ही तळहात पुढे धरा आणि मुलाला त्यांवर स्वतःचा भार टाकून उभं राहू द्या. कणा सरळ झाल्याने उंची काही सेंटीमीटर वाढलेली असते. त्यामुळे जमीन लांब गेल्यासारखी वाटते आणि पहिलं पाऊल अडखळतं. नजर पायांकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे ठेवायला सांगा.